गच्चीतल्या भाजीपर्यंत फवारणी पोहोचते कशी आणि ती रोखावी कशी

मंडईतून आणलेली कोथिंबिरीची जुडी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली की तिच्यावरची फवारणी निघून जाते, असा घरोघरी समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पानावर नुसते बसलेले स्पर्शजन्य कीटकनाशक आणि धूळ पाण्याने बऱ्याच अंशी निघते, आणि त्यासाठी साधे वाहते पाणीही पुरते. परंतु आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून पानापानांत भिनलेले असते, ते मिठाने, व्हिनेगरने किंवा खाण्याच्या सोड्याने बाहेर येत नाही. फवारणीनंतर किती दिवस थांबून तोडणी करावी हे प्रत्येक औषधासाठी ठरलेले असते. वांग्याचे उदाहरण घेतले तर हा नियम कागदावर का राहतो ते कळते: शेंडा व फळे पोखरणाऱ्या अळीसाठी पुन्हापुन्हा फवारावे लागते आणि तोडा तर तीन-चार दिवसांआड असतो, मग थांबायचे दिवस आणायचे कोठून? यात शेतकऱ्याला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. या औषधांची पहिली झळ फवारणाऱ्यालाच बसते.

म्हणून थोडी भाजी घरी लावावी, हा विचार योग्य आहे. मात्र भाजी घरी लावली म्हणजे ती आपोआप विषमुक्त झाली, असे मानण्याची चूक मी स्वतः दोन वर्षे केली. बियाण्याला चोळलेले औषध, रोपवाटिकेत मारलेली फवारणी, अनोळखी माती, शेजारच्या गुलाबासाठी आणलेली बाटली आणि कीड दिसताच उडणारी आपलीच घाबरगुंडी अशा पाच वाटांनी तेच विष कुंडीत येऊ शकते. पुढील सर्व कृती या वाटा एकेक करून बंद करण्यासाठी आहेत.

काय लावावे आणि काय मंडईवर सोडावे

चार माणसांच्या घराला रोज साधारण किलोभर भाजी लागते आणि तेवढी बाल्कनीतून निघत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. निवडीची कसोटी अशी ठेवावी की जिची साल काढता येत नाही, जिचे पानच खायचे असते आणि जी रोज थोडीथोडी लागते ती भाजी घरी लावावी. कोथिंबीर, मेथी, पालक, शेपू, लाल माठ, पुदिना, हिरवी मिरची आणि कढीपत्ता ही माझी यादी आहे. कढीपत्त्याला मी सर्वांत वरचे स्थान देईन. आपण तो फोडणीत टाकतो म्हणून कोणी त्याचा विचार करीत नाही, पण कीटकनाशकांच्या अंशांमुळे युरोपीय संघाने भारतातून जाणाऱ्या कढीपत्त्यावर वाढीव तपासणी लावली होती. आणि एकदा लावलेले झाड मोठ्या कुंडीत वर्षानुवर्षे पाने देते.

ऊन भरपूर असेल तर टोमॅटो, वांगी आणि भेंडी यांचा विचार करावा. कांदा, बटाटा, कोबी आणि फ्लॉवर यांच्या नादी लागू नये. एक फ्लॉवर तीन महिने जागा अडवतो आणि एका जेवणात संपतो. तेवढ्याच जागेत मेथीचे तीन हप्ते निघतात.

जागा, ऊन आणि भार

खरेदी करण्यापूर्वी एक सुटीचा दिवस द्यावा आणि सकाळी आठपासून पाचपर्यंत दर तासाला ऊन कोठे पडते ते खडूने आखून घ्यावे. पालेभाजीला तीन ते चार तासांचे थेट ऊन चालते, मिरची, टोमॅटो आणि वांग्याला पाच ते सहा तास हवेत. ही नोंद एकाच ऋतूत करून भागत नाही. पुणे आणि मुंबई येथे मेच्या मध्यास शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो; त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे उत्तरेच्या बाल्कनीला ऐन उन्हाळ्यात थोडे ऊन मिळते आणि हिवाळ्यात, म्हणजे भाजीच्या खऱ्या हंगामात, अजिबात मिळत नाही. अशा बाल्कनीत पुदिना आणि अळू यांवर समाधान मानावे.

गच्चीवर लावणार असाल तर भाराचा हिशोब टाळू नये. वावरासाठी खुल्या असलेल्या गच्चीला भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोचा भार धरलेला असतो, आणि एक चौरस मीटर जागेत फूटभर जाडीचा ओल्या मातीचा थर दिला तर त्याचेच वजन ५०० किलोच्या आसपास जाते. गच्चीवर मातीचे वाफे घालणे हे म्हणूनच धोक्याचे काम आहे. कुंड्या, पिशव्या आणि क्रेट कडेच्या भिंतींना आणि तुळयांच्या रेषेला धरून, खाली विटा ठेवून मांडावेत, म्हणजे तळाशी हवा खेळते आणि स्लॅबला ओल धरत नाही. इमारत जुनी असेल तर अभियंत्याला दाखवूनच पुढे जावे.

पालेभाजीला सहा ते आठ इंच, मिरचीला दहा ते बारा इंच आणि टोमॅटो-वांग्याला किमान चौदा इंच खोलीचे भांडे लागते. मंडईत टोमॅटो येतात ते प्लॅस्टिकचे क्रेट आतून जुन्या शेडनेटचे अस्तर लावले की पालेभाजीसाठी उत्तम. भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळणारी निळी पिंपे मात्र घेऊ नयेत, कारण त्यांत आधी काय होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते; कितीही घासले तरी प्लॅस्टिकने शोषलेले रसायन पूर्ण जात नाही.

माती: जितकी कमी तितकी बरी

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. प्रयोग परिवाराच्या माध्यमातून त्यांनी शेतकऱ्यांना आणि शहरी लोकांना आपली माती पालापाचोळ्यातून स्वतः तयार करायला शिकवले. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर गच्चीतली शेती करून दाखवली. आज महाराष्ट्रातील गच्चीबागा ज्या पद्धतीने चालतात तिचे मूळ अशा प्रयोगांत आहे. मला ही पद्धत आणखी एका कारणासाठी पटते. पोत्याने विकत मिळणारी लाल माती कोणत्या शेतातून, कोणत्या बांधकामाच्या खड्ड्यातून आली हे कळायला मार्ग नसतो. तिचे प्रमाण जेवढे कमी ठेवाल तेवढा भारही कमी आणि संशयही कमी.

बारा इंची क्रेटसाठी कृती अशी. तळाशी दोन इंच नारळाच्या शेंड्या उलगडून पसराव्यात. रसवंतीगृहातून आणलेली चिपाडे एक दिवस पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे, नाहीतर उरलेल्या साखरेवर मुंग्यांची रांग लागते. मग ती कापून, वाळलेल्या पानांबरोबर मिसळून, पाच इंचांचा थर पायाने दाबून भरावा. त्यावर चार इंच मिश्रण घालावे: दोन घमेली पाल्याचे कुजलेले खत, एक घमेले चांगले मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेले माती आणि दोन मुठी निंबोळी पेंड. काळी माती वापरायची असेल तर तिचा वाटा आणखी निम्मा करावा, कारण ती कुंडीत पाणी धरून चिकट होते आणि वाळली की कडांपासून सुटते, मग घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते.

शेणखत हातात घेऊन वास घ्यावा. शेणाचा वास येत असेल तर ते कच्चे आहे, पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास आला तर मुरलेले. त्यात इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी दिसली तर ती मुळे खाणारी हुमणी. ते खत चाळून, उन्हात पसरूनच वापरावे. शहरातील मिश्र कचऱ्यापासून केलेले खत पालेभाजीसाठी टाळावे, कारण त्यात काच आणि प्लॅस्टिकबरोबर जड धातूही येण्याची शक्यता असते. घरातल्या भाजीच्या साली घालून केलेले खत मात्र निर्धास्तपणे वापरावे. बाजारच्या सालीवरील बहुतेक औषधांचे अंश कुजण्याच्या क्रियेत विघटित होतात.

भरलेला क्रेट पाणी शिंपडत पंधरा दिवस तसाच ठेवावा. त्यानंतर मूठभर मिश्रण दाबून पाहावे: गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा. शेतकरी ज्याला वापसा म्हणतात ती स्थिती हीच. पाणी टपकले तर कोरडा पाला मिसळावा.

बी आणि रोप

दुकानातील पाकिटातले बी गुलाबी, हिरवे किंवा निळसर दिसले तर त्याला बुरशीनाशक, कधी कीटकनाशकही, चोळलेले असते आणि पाकिटावर तसे छापलेलेही असते. चार महिन्यांनी फळ देणाऱ्या झाडात त्याचा फारसा अंश उरत नाही. पण तीस दिवसांत कापून खायच्या पालेभाजीसाठी ते घेण्याचे कारणच नाही, कारण धणे आणि मेथीदाणे स्वयंपाकघरात असतातच. धण्यांचा गेल्या हंगामातला ताजा माल घ्यावा. शंका असेल तर वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत आणि बारा दिवसांनी मोजावे. दहाहून कमी रुजले तर ते धणे मसाल्यालाच ठेवावेत.

मिरची, टोमॅटो आणि वांग्याची रोपे विकत आणण्याचा मोह होतो. तीन वर्षांपूर्वी मी एका रोपवाटिकेतून मिरचीची बारा तजेलदार रोपे आणली आणि त्याच दिवशी इतर कुंड्यांमध्ये लावली. आठवड्याने पाण्याची झारी लागताच पानांखालून पांढरा भुगा उडावा तशी पांढरी माशी उडाली, आणि महिन्याभरात माझ्या जुन्या झाडांसह सगळ्या मिरच्यांचे शेंडे आखडून पाने वाटीसारखी वळली. आपल्याकडे या विकाराला बोकड्या म्हणतात. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी पसरवते तो विषाणू या तिन्ही कारणांनी पाने वळतात आणि विषाणूचा प्रादुर्भाव झाल्यावर झाड उपटण्यावाचून उपाय नसतो. रोपवाटिकेत फवारणी चालू असेपर्यंत कीड दबलेली असते, घरी आल्यावर ती डोके काढते.

तेव्हा रोपे घरीच करावीत. चहाच्या कागदी कपांना तळाशी भोक पाडून निम्मे गांडूळखत आणि निम्मे कोकोपीट भरावे, प्रत्येकात दोन बिया टाकाव्यात. टोमॅटोचे रोप साधारण चार आठवड्यांत, मिरचीचे पाच ते सहा आठवड्यांत लावणीस येते. विकतच आणले तर इतर झाडांपासून दूर दहा दिवस वेगळे ठेवावे आणि रोज पान उलटून पाहावे.

पेरणी

आपल्या हवामानात आरंभ करण्यास घटस्थापनेसारखा मुहूर्त नाही, आणि हे मी श्रद्धेपोटी म्हणत नाही. पावसाचा जोर ओसरलेला असतो, ऊन मोकळे झालेले असते आणि पुढचे चार महिने पालेभाजीचे असतात. देवघरात परडीतल्या काळ्या मातीत धान्य पेरतो त्याच दिवशी बाल्कनीतही पेरावे. नऊ दिवसांनी घटाचे कोंब हाताएवढे होतात तेव्हा कोथिंबीर जेमतेम माती फोडत असते, इतकाच फरक.

धणा म्हणजे दोन बियांचे जोडफळ. तो अख्खा टाकला तर उगवण उशिरा आणि विरळ होते, म्हणून पाटावर पसरून लाटण्याने हलके दाबावा, दोन पाकळ्या सुटतील इतकेच, पीठ होईपर्यंत नव्हे. मग रात्रभर भिजवून, फडक्यावर कोरडा करून, चार बोटांच्या अंतराने काढलेल्या अर्धा इंच खोल ओळींत पेरावा आणि चाळलेल्या खताने झाकावा. वर ओले गोणपाट टाकावे व पहिला कोंब दिसताच ते काढावे. कोथिंबीर आठ ते बारा दिवसांत उगवते, मेथी तीन-चार दिवसांत. सगळा क्रेट एकाच दिवशी पेरू नये. एक तृतीयांश आज, एक तृतीयांश पंधरा दिवसांनी, उरलेला महिन्याने, म्हणजे भाजी सतत मिळत राहते. मेथी पंचवीस ते तीस दिवसांत काढणीला येते, पालक आणि कोथिंबीर पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांत. पालक उपटू नये, बाहेरची पाने खुडावीत.

पहिले दोन आठवडे कबुतरांपासून जाळीने सांभाळावे लागते. शहरात मेथीच्या कोवळ्या कोंबांचा त्यांच्याइतका मोठा शत्रू दुसरा नाही. पाणी वेळापत्रकाने देऊ नये, बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून कोरडे लागले तरच द्यावे. खत म्हणून जीवामृत पुरते: दहा लिटर पाण्यात अर्धा किलो देशी गाईचे ताजे शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि चिमूटभर माती, सावलीत तीन दिवस रोज दोनदा ढवळून. दहापट पाण्यात मिसळून पंधरा दिवसांनी एकदा मुळाशी द्यावे. ते पालेभाजीच्या पानांवर शिंपडू नये आणि काढणीपूर्वी दोन आठवडे बंद करावे. शेणातील जंतू कच्च्या कोथिंबिरीवर नकोत.

कीड दिसल्यावर

येथे बहुतेकांचा निश्चय ढळतो. वालाच्या कोवळ्या शेंड्यावर एका सकाळी मोहरीच्या दाण्यांसारखा काळा मावा खच्चून बसलेला दिसतो, देठावरून मुंग्यांची ये-जा चाललेली असते आणि माणूस घाईने दुकानात जाऊन बाटली आणतो. त्याऐवजी भिंग घेऊन तो शेंडा पाहावा. मावा आला की आठवड्याभरात तेथे काही मिलिमीटर लांबीची, सुरकुतलेली, काळसर, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली, मगरीच्या पिलासारखी दिसणारी एक अळी फिरू लागते. अनेक जण तिलाच कीड समजून चिरडतात. ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी, आणि ती दिवसाला कित्येक मावे फस्त करते. मुंग्यांना मात्र अडवावे, कारण माव्याच्या गोड स्रावासाठी त्या या अळीला हुसकावून लावतात. देठाला चिकटपट्टी उलटी गुंडाळली तरी पुरते.

क्रम असा ठेवावा. प्रथम हाताने चिरडणे आणि पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालून मारणे, सलग तीन दिवस. पिठ्या ढेकूण असेल तर तो मेणचट कापसासारखा पेऱ्यात बसतो, त्याला जुन्या टूथब्रशने साबणाचे पाणी लावून खरवडावे. वांग्याचा शेंडा अचानक मलूल होऊन झुकला तर आत अळी आहे. शेंडा मलूल भागाच्या इंचभर खाली कापून नष्ट करावा, त्यावर कोणतीही फवारणी करून उपयोग नसतो. भेंडीच्या पानावर भुरीची पांढरी पूड नुकतीच दिसू लागली असेल तर आंबट ताक दहापट पाण्यात मिसळून फवारावे. पान पांढरेफटक झाल्यावर त्याने फरक पडत नाही.

एवढ्याने भागले नाही तर निंबोळी अर्क. कडुनिंबाच्या वाळलेल्या बियांचा ५० ग्रॅम भरडा फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी पिळून गाळावा, त्यात चमचाभर रिठ्याचे पाणी घालून त्याच दिवशी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर फवारावा. आधी दोन पानांवर करून पाहावे. फवारणीनंतर चार दिवस तोडणी करू नये. केली तर कोथिंबीर कडू लागेल, एवढीच शिक्षा.

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, हा मात्र गैरसमज आहे. दहा झाडांच्या पानांपासून केलेल्या दशपर्णी अर्कात धोतरा, कण्हेर, रुई, एरंड यांची पाने घालतात. ही सर्व विषारी आहेत, आणि फळपिकावर शेतात ते वापरणे वेगळे व स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या मेथीवर शिंपडणे वेगळे. तंबाखूचा काढा तर घरात करूच नये. त्यातले निकोटिन हे तीव्र विष आहे, शिवाय तंबाखूमार्फत मोझॅक विषाणू टोमॅटो आणि मिरचीला लागू शकतो. तंबाखू मळलेल्या हातानेही या रोपांना स्पर्श करू नये.

आणखी दोन गोष्टी कुंडीबाहेरच्या आहेत. गुलाबासाठी किंवा जास्वंदीसाठी आणलेले आंतरप्रवाही औषध भाजीच्या शेजारी वापरू नये, आणि बाग सांभाळायला येणाऱ्या माळीदादांना हे स्पष्ट सांगून ठेवावे. सोसायटीत पेस्ट कंट्रोल किंवा डासांसाठी धूरफवारणी असेल त्या दिवशी क्रेटवर प्लॅस्टिकचा कागद टाकून कडा विटांनी दाबाव्यात, दोन-तीन तासांनी काढावा. हे मला फार उशिरा सुचले. वर्षभर निंबोळीचे सोवळे पाळून महिन्यातून एकदा खालून येणारा धूर मी भाजीवर बसू देत होतो.

उन्हाळा, पावसाळा आणि बी धरणे

मार्चनंतर कोथिंबीर पाने धरण्याआधीच फुलावर येते, तेव्हा हट्ट सोडून लाल माठ, अंबाडी आणि भेंडी घ्यावी, व दुपारी पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी. जूनमध्ये वांगी आणि मिरचीची लावणी करावी. कोकणपट्टीत आणि मुंबईत जुलैच्या झडीत पालेभाजी उघड्यावर कुजते, तिचे क्रेट छपराखाली ओढावेत किंवा रिकामे करून त्यांत नवा पाला भरावा; एव्हाना चिपाडांचा थर खाली बसून निम्मा झालेला असतो.

फेब्रुवारीत कोथिंबिरीची एक ओळ कापू नये. तिला पांढरी छत्रीसारखी फुले येतात, त्यांवर मधासाठी छोट्या पट्टेरी माश्या जमतात आणि त्या अंडी घालतात शेजारच्या माव्यात, कारण त्यांच्या अळ्यांचे अन्न तेच असते. दाणे हिरव्याचे तांबूस झाले की देठासकट कापून कागदी पिशवीत उलटे टांगावेत, सावलीत आठ दिवस वाळवावेत, आणि कोरड्या बरणीत मूठभर राखेबरोबर भरून झाकणावर महिना व वर्ष लिहून ठेवावे. मेथीच्या शेंगाही अशाच धराव्यात, मात्र त्या पूर्ण वाळण्याच्या थोडे आधी, नाहीतर कुंडीतच फुटतात.